हबसाणांतील एक चौकशी

हबसाण हें नांव महाराष्ट्राला नवें नाहीं. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे तिकडचे; आणि मोडकळीस आलेल्या निजामशाहीचा डोलारा पंचवीस वर्षें आपल्या खांद्यावर सांवरून धरणारा मलिक अंबर हाहि तिकडचाच. इ. स. १६२६ मध्यें तो वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. त्यानें वसविलेली खडकी पुढें औरंगाबाद झाली व आतां छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखली जाते. परंतु ज्या भूमीनें हा पुरुष दक्षिणेस दिला, त्या भूमीचा पुढील इतिहास मराठी वाचकाला सहसा दोनच प्रसंगांपुरता ठाऊक असतो. एक, १८९६ सालीं अडोवाच्या रणांगणावर सम्राट् मेनेलिकनें इटलीच्या फौजेचा केलेला पराभव; आणि दुसरा, १९३६ सालीं जिनीव्हाच्या राष्ट्रसंघापुढें उभें राहून सम्राट् हैले सेलासीनें मागितलेला व न मिळालेला न्याय. प्रस्तुत कथाहि न्याय मागण्याचीच आहे. पण येथें अन्याय करणारा परका नव्हता, आणि न्याय ज्यांच्या हातीं होता तेहि त्याच देशाचे न्यायाधीश होते. ही कथा आहे २००५ सालची. इथिओपियाच्या पंचांगाची कालगणना सात-आठ वर्षें मागें असल्यामुळें तेथील लोक तिला १९९७ सालची निवडणूक असें म्हणतात.

प्रथम पूर्वपीठिका. १९७४ सालीं सैन्यानें हैले सेलासीला पदच्युत केलें आणि 'दर्ग' या नांवाची लष्करी समिति राज्य करूं लागली. तिचा मुख्य मेंगिस्तु हैले मरियम याच्या अमदानींत, विशेषतः १९७७ व १९७८ या दोन वर्षीं, राजधानीच्या रस्त्यांवर तरुणांचीं प्रेतें पडलेलीं दिसत; झाडलेल्या गोळीची किंमत भरल्यावांचून आईबापांच्या हातीं प्रेतहि देत नसत, असे प्रकार नमूद आहेत. या काळाला तेथें 'लाल दहशत' असें म्हणतात. १९९१ च्या मे महिन्यांत बंडखोर सेनांनीं ही राजवट उलथून पाडली व मेलेस झेनावी यांच्या नेतृत्वाखालील आघाडीच्या हातीं सत्ता आली. या आघाडीनें १९९५ सालीं नवी राज्यघटना अंमलांत आणली. तिच्या ३० व्या कलमांत निःशस्त्र सभा भरविण्याचा व निदर्शनें करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. ज्यांनीं तो लिहिला तेच पुढें दहा वर्षांनीं राज्य करीत होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१९९५ व २००० सालच्या निवडणुका नांवापुरत्याच झाल्या. विरोधी पक्षाचे प्रतिनिधि बोटांवर मोजण्याइतके. २००५ सालीं मात्र वारें पालटलें. सरकारनें आकाशवाणीवर व दूरचित्रवाणीवर उभय पक्षांचे वादविवाद होऊं दिले. शेतजमिनीची मालकी कोणाची, प्रांतांची रचना भाषा व वंश यांवर असावी कीं नसावी, असले प्रश्न मंत्र्यांना लोकांच्या देखत प्रथमच विचारले जात होते. परदेशचे निरीक्षक बोलाविण्यांत आले. युरोपीय संघाच्या पथकाच्या प्रमुख आना गोमेश या पोर्तुगीज बाई होत्या. मतदानाच्या आठवडाभर अगोदर अदिस अबाबाच्या मेस्केल चौकांत विरोधी पक्षाची जी सभा भरली, तिच्यासारखा जनसमुदाय त्या शहरानें क्वचितच पाहिला असेल. सभा शांततेनें पार पडली. कोणाला खरचटलेंहि नाहीं.

१५ मे रोजीं मतदान झालें. नोंदलेले मतदार सुमारे अडीच कोटी. पहांटेपासून रांगा लागल्या, त्या कित्येक ठिकाणीं रात्रीं उशीरापर्यंत हटल्या नाहींत. राजधानींतील पार्लमेंटच्या २३ च्या २३ जागा विरोधकांच्या 'ऐक्य व लोकशाही' आघाडीनें जिंकल्या, आणि शहराच्या कौन्सिलांतील १३८ जागांपैकीं १३७ जागा तिच्याकडे गेल्या. नगराध्यक्षपदासाठीं बेर्हानू नेगा या अर्थशास्त्रज्ञाचें नांव ठरलें. परंतु मतमोजणी पुरी होण्यापूर्वीं, त्याच रात्रीं, मुख्य प्रधानांनीं राजधानींत व तिच्या आसपास महिनाभर सभा-मिरवणुकांस मनाई केली आणि शहरांतील सशस्त्र दलांचा ताबा स्वतःकडे घेतला. मतपेट्या उघडत होत्या आणि चौक बंद होत होते.

देशाचा एकंदर निकाल लांबत गेला. दोन्ही बाजूंनीं विजयाची घोषणा केली. शेंकडों मतदारसंघांतून तक्रारी आल्या. ६ जूनला विद्यापीठाचे विद्यार्थी निषेधासाठीं जमले, त्यांना पोलिसांनीं पकडून नेलें. ८ जूनला ती ठिणगी मेर्काटो या मोठ्या बाजारपेठेपर्यंत गेली. दुकानें बंद झालीं, दगड उडाले; आणि सशस्त्र पोलिसांनीं जमावावर गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसांत तीसांहून अधिक माणसें मेलीं. त्याच महिन्यांत मोबाइल टेलिफोनवरून लेखी संदेश पाठविण्याची सोय सरकारनें बंद केली. ती २००७ सालच्या सप्टेंबरपर्यंत सुरू झाली नाहीं. एका अख्ख्या राष्ट्रानें दोन वर्षें एकमेकांस लहानशी चिठ्ठीहि धाडूं नये, असा हा प्रबंध होता.

ऑगस्टमध्यें कांहीं मतदारसंघांत पुन्हां मतदान घेण्यांत आलें. अखेरच्या हिशेबांत ५४७ पैकीं ३२७ जागा सत्ताधारी आघाडीला मिळाल्या. विरोधी पक्षांपैकीं मोठ्या आघाडीला १०९ व दुसरीला ५२. विरोधकांना हा हिशेब मान्य नव्हता. पार्लमेंटांत बसावें कीं बसूं नये, यावर त्यांच्यांत दुफळी झाली. कांहीं बसले, कांहीं बाहेर राहिले. बाहेर राहिलेल्यांस सभासद म्हणून असलेलें कायदेशीर संरक्षण ऑक्टोबरांत काढून घेण्यांत आलें. पुढाऱ्यांनीं लोकांना जो कार्यक्रम दिला तो मोठा साधा होता: घरीं बसावें, सरकारी पक्षाच्या दुकानांतून माल घेऊं नये, ठरलेल्या वेळीं मोटारींचे कर्णे वाजवावे. ३१ ऑक्टोबरला कर्णे वाजले आणि टॅक्सीवाल्यांची धरपकड सुरू झाली. १ नोव्हेंबरला मेर्काटोंत पुन्हां गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशीं तो शहरभर पसरला व पुढें इतर गांवींहि पोंचला. कालिती येथील तुरुंगांत तर पहारेकऱ्यांनीं कोठड्यांतील कैद्यांवरच गोळ्या झाडल्या. त्यांत १७ कैदी ठार झाले.

त्यानंतरचे दिवस घरोघरच्या झडत्यांचे होते. वस्त्यावस्त्यांतून रात्रीं शिपाई येत आणि घरांतील तरुण मुलांस घेऊन जात. आरोप सांगत नसत, ठिकाण सांगत नसत. हजारों मुलें ट्रकांतून पश्चिमेकडील देदेसा येथील जुन्या लष्करी तळावर नेण्यांत आलीं. सकाळीं आया तुरुंगांच्या दारांशीं डबे घेऊन उभ्या राहत. डबा आंत घेतला गेला तर मुलगा तेथें आहे असें समजावयाचें, परत आला तर पुढच्या दारीं जावयाचें. आठवड्यांमागून आठवडे गेल्यावर यांतील बहुतेक मुलें आरोपावांचूनच सोडण्यांत आलीं. आरोप नव्हता, तर नेलें कशासाठीं, हें विचारण्याची सोय कोणालाहि नव्हती.

पुढाऱ्यांवर मात्र आरोप ठेवण्यांत आले, आणि तेहि थोडेथोडके नव्हेत. आघाडीचे अध्यक्ष हैलू शाउल, नियोजित नगराध्यक्ष बेर्हानू नेगा, उपाध्यक्ष बिर्तुकान मिदेक्सा, पंचाहत्तरीचे भूगोलतज्ज्ञ व देशांतील पहिल्या मानवी हक्क मंडळाचे संस्थापक मेस्फिन वोल्देमरियम, आणि त्यांजबरोबर कित्येक वृत्तपत्रकार, अशा शंभरांहून अधिक व्यक्तींवर राज्यघटना उलथण्याचा, राजद्रोहाचा, इतकेंच नव्हे तर वंशसंहाराच्या प्रयत्नाचा आरोप करण्यांत आला. सेर्कालेम फासिल ही पत्रकार स्त्री तुरुंगांतच प्रसूत झाली. तिचे पति एस्किंदर नेगा हेहि त्याच आरोपाखालीं बंदींत होते. वंशसंहाराचा आरोप पुढें न्यायालयांत टिकला नाहीं. परंतु तो शब्द त्या देशांत हलका नव्हता. 'लाल दहशती'बद्दल मेंगिस्तुवर त्याच्या गैरहजेरींत याच शब्दाखालीं खटला चालला होता, आणि २००६ च्या डिसेंबरांत त्याला दोषी ठरविण्यांत आलें. ज्या आरोपपत्रांत हजारोंच्या हत्यांची यादी होती, त्याच नांवाचें दुसरें आरोपपत्र कर्णे वाजवावयास सांगणाऱ्यांच्या हातीं देण्यांत आलें.

आतां मुख्य कथेकडे वळावयाचें. देशांत व बाहेर झालेला गवगवा पाहून पार्लमेंटानें चौकशी मंडळ नेमलें. त्याला प्रश्न घातला होता तो असा कीं, सशस्त्र दलांनीं वापरलेलें बळ प्रसंगाच्या मानानें जास्त होतें काय, आणि मानवी हक्कांची बूज राखली गेली काय? अध्यक्ष फ्रेहिवोत सॅम्युएल व उपाध्यक्ष वोल्दे-मायकेल मेशेशा हे दोघेहि न्यायाधीश. मंडळ सरकारपक्षाच्या बहुमतानें नेमलेलें असल्यामुळें त्याच्याकडून फारशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. सरकारची बाजू अशी होती कीं, निदर्शनें शांततेचीं नव्हतीं, जमावाजवळ शस्त्रें होतीं, पोलिसहि मारले गेले, आणि राज्य उलथण्याचा घाट वेळींच मोडला नसता तर देशांत रक्ताचे पाट वाहिले असते.

ही बाजू अगदींच निराधार होती असें नव्हे. दगडफेक झाली होती, गाड्या जाळल्या होत्या, पोलिस खरोखरच मेले होते. म्हणूनच चौकशीचें महत्त्व होतें. मंडळानें काम प्रामाणिकपणें केलें. सभासद इस्पितळांच्या नोंदवह्या पाहत गेले, मृतांच्या घरीं गेले, तुरुंगांत गेले. शेंकडों माणसांच्या साक्षी त्यांनीं घेतल्या. आणि त्यांनीं मोजलें. नागरिक मृत १९३, जखमी ७६३. पोलिस मृत ६. हा आंकडा सरकारनें तोंवर सांगितलेल्या संख्येच्या कितीतरी पट होता. मृतांत कोंवळ्या वयाचीं मुलें होतीं, वृद्ध होते, आपल्या घराच्या दारांत उभीं असलेलीं माणसें होतीं. कालितीच्या तुरुंगांत दीड हजारांहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्याचें आढळलें. आणि निदर्शकांजवळ बंदुका किंवा हातगोळे असल्याचा पुरावा मंडळाला कोठेंहि मिळाला नाहीं.

२००६ च्या जुलैमध्यें सभासदांनीं मत दिलें. वापरलेलें बळ अवाजवी होतें असें म्हणणारे आठ, नव्हतें असें म्हणणारे दोन. या मतदानाचें चित्रणहि झालें. अहवाल पार्लमेंटापुढें जावयाचा, तोंच मंडळावर वरून दडपण येऊं लागलें: निर्णय फिरवा. अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यापुढें दोन वाटा होत्या. एका वाटेनें पद, घर व स्वस्थता. दुसऱ्या वाटेनें परागंदा होणें. दोघांनींहि देश सोडला. ज्या न्यायाधीशांनीं आयुष्यभर दुसऱ्यांचे निवाडे केले, त्यांना आपला निवाडा जिवंत ठेवण्यासाठीं कागदपत्रांसह परदेशीं आश्रय घ्यावा लागला. ऑक्टोबरांत तो अहवाल वृत्तपत्रांच्या हातीं पडला व जगभर छापला गेला. त्याच महिन्यांत मागें राहिलेल्या सभासदांचा अहवाल पार्लमेंटापुढें आला. त्यांत मृतांची संख्या १९३ हीच होती; बदललें होतें तें एकच वाक्य. बळाचा वापर प्रसंगाला धरून होता, असें आतां तेथें लिहिलेलें होतें.

या ठिकाणीं थोडें थांबून विचार करण्याजोगें आहे. आंकडा दोन्ही अहवालांत तोच राहिला, याचें श्रेय मोजणाऱ्यांना आहे. एकदां नांव, वय व घर यांसह मृताची नोंद झाली कीं ती खोडणें कठीण जातें. सरकारला निष्कर्ष बदलतां आला. माणसें पुन्हां नाहींशीं करतां आलीं नाहींत. 'बळ अवाजवी नव्हतें' हें वाक्य १९३ या संख्येशेजारीं ठेवून वाचणाऱ्याला कोणत्या टीकेची गरज पडावी?

भारतीय वाचकाला येथें १९१९ सालची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. जालियनवाला बागेंतील हत्याकांडानंतर सरकारनें लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. राष्ट्रसभेनें आपली निराळी चौकशी केली. तींत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पंजाबांत हिंडून या मंडळींनीं साक्षी गोळा केल्या. हंटर समितींतहि एकवाक्यता झाली नाहीं. जगत नारायण, चिमणलाल सेटलवाड व सुलतान अहमद या तीन हिंदी सभासदांनीं आपलें भिन्न मत निराळें लिहून दिलें. सरकारच्या हिशेबीं मृत ३७९. राष्ट्रसभेच्या चौकशींत हा आंकडा बराच मोठा निघाला. परंतु एक भेद विसरतां येत नाहीं. सेटलवाडांना आपलें भिन्न मत लिहून मुंबईस परत येतां आलें व वकिली चालवितां आली. फ्रेहिवोत सॅम्युएल व वोल्दे-मायकेल मेशेशा यांचें मत तर बहुमत होतें. तरी त्यांना स्वदेशांत राहतां आलें नाहीं. परकीय साम्राज्यानें जेवढी सवड ठेवली होती, तेवढीहि स्वकीय सरकारनें ठेवली नाहीं.

खटल्याचा शेवट २००७ च्या जुलैमध्यें झाला. सरकारी वकिलांनीं फांशी मागितली होती. न्यायालयानें पुष्कळांना जन्मठेप दिली, आणि चारच दिवसांनीं, २० जुलैला, ३८ जणांना माफी मिळाली. माफीसाठीं कैद्यांनीं चुकांची कबुली देणाऱ्या कागदावर सह्या केल्या होत्या. डॅनियल बेकेले व नेत्सानेत देमिसे या दोघा तरुण कार्यकर्त्यांनीं मात्र सही करण्यास नकार दिला. जो गुन्हा केला नाहीं त्याची माफी मागावयाची नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्यासाठीं ते आणखी आठ महिने तुरुंगांत राहिले व २००८ च्या मार्चमध्यें सुटले.

बिर्तुकान मिदेक्सा यांची कथा याहून बिकट. राजकारणांत येण्यापूर्वीं त्या न्यायाधीश होत्या. २००२ सालीं सरकारच्या मर्जींतून उतरलेल्या एका माजी संरक्षण मंत्र्याला त्यांनीं जामिनावर सोडलें; तो न्यायालयाबाहेर पडतांच पोलिसांनीं त्याला पुन्हां पकडलें. न्यायाधीशाच्या हुकुमाची किंमत त्या दिवशीं त्यांना कळली. २००७ ची माफी आपण रीतसर अर्ज करून मागितली नव्हती, ती वाटाघाटींतून आलेली तडजोड होती, असें त्यांनीं परदेशांतील एका सभेंत सांगितलें. हे शब्द परत घेण्यास नकार देतांच २००८ च्या डिसेंबरांत त्यांची माफी रद्द झाली व जन्मठेप पुन्हां सुरू झाली. लहान मुलगी घरीं, आई एकांत कोठडींत, अशा स्थितींत महिने गेले. २०१० च्या ऑक्टोबरांत, निवडणूक आटोपल्यावर, त्यांची सुटका झाली.

ती निवडणूक कशी झाली हें सांगावयास फार शब्द लागत नाहींत. २००९ सालीं दोन कायदे झाले. एकानें परदेशीं पैशाच्या दहा टक्क्यांहून अधिक आधारावर चालणाऱ्या संस्थांना मानवी हक्कांचें काम करण्यास बंदी केली; दुसऱ्यानें दहशतवादाची व्याख्या इतकी सैल केली कीं लेखणीहि तींत सांपडावी. परदेशच्या सरकारांनीं गोळीबारानंतर अंदाजपत्रकाला दिली जाणारी मदत थांबविली होती, पण दुसऱ्या नांवानें ती लवकरच पुन्हां वाहूं लागली होती. २०१० सालीं ५४७ पैकीं दोन जागा सोडून सर्व सत्ताधारी आघाडीला व तिच्या मित्रांना मिळाल्या. २०१५ सालीं त्या दोनहि उरल्या नाहींत. २००५ सालीं रात्रीं उशीरापर्यंत रांगेंत उभ्या राहिलेल्या मतदारांना मिळालेलें उत्तर हें होतें. उत्तर ऐकून जे गप्प बसले नाहींत, त्यांतील कांहींनीं शस्त्र धरलें. बेर्हानू नेगांनीं परदेशांत जी संघटना काढली तिचें नांव 'गिनबोत ७', म्हणजे मतदानाच्या दिवसाची तेथील पंचांगाप्रमाणें तिथि. मतपेटीचें नांव बंदुकीला देण्यांत आलें. त्यांना गैरहजेरींत देहान्ताची शिक्षा झाली.

मेलेस झेनावी २०१२ च्या ऑगस्टांत वारले. पुढें कांहीं वर्षांनीं देशांत पुन्हां असंतोष पेटला, आणि २०१८ सालीं आबीय अहमद मुख्य प्रधान झाले. त्यांनीं राजकीय कैद्यांस मोकळें केलें आणि मागील राजवटींत कैद्यांचा छळ होत असे हें पार्लमेंटांत उघड सांगितलें. परागंदा झालेले परत येऊं लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत बिर्तुकान मिदेक्सा यांची राष्ट्रीय निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदीं नेमणूक झाली: निवडणुकीच्या तंट्यापायीं जन्मठेप भोगलेली स्त्री आतां मतपेट्यांची राखणदार झाली. दुसऱ्या वर्षीं डॅनियल बेकेले यांच्याकडे सरकारी मानवी हक्क आयोगाचें प्रमुखपद आलें. बेर्हानू नेगा २०२१ मध्यें शिक्षणमंत्री झाले.

येथें कथा संपती तर ती गोड झाली असती. इतिहास तितका आज्ञाधारक नसतो. २०२० च्या नोव्हेंबरांत उत्तरेकडील तिग्राय प्रांतांत भयंकर युद्ध पेटलें. तें दोन वर्षें चाललें. २०२१ ची निवडणूक त्या युद्धाच्या छायेंत झाली आणि तिग्रायांत मतदानच झालें नाहीं. बेकेले यांच्या आयोगाला पुन्हां गोळीबार, धरपकड व कत्तली यांचेच अहवाल लिहावे लागले. फरक एवढाच कीं, ते अहवाल आतां देशांतच राहून लिहिले व छापले जात होते. बिर्तुकान मिदेक्सा यांनीं २०२३ सालीं प्रकृतीच्या कारणानें पद सोडलें; बेकेले यांची मुदत २०२४ सालीं संपली.

मेस्केल चौकांत २०१० सालापासून 'लाल दहशतीं'त बळी पडलेल्यांचें एक स्मारक-संग्रहालय उभें आहे. भिंतींवर मृतांचीं छायाचित्रें आहेत, कपाटांत अस्थि आहेत. मागील राजवटीचा अन्याय तेथें कोणालाहि पाहतां येतो. प्रत्येक राज्य आपल्या आधीच्या राज्याचे बळी मोजण्यास तयार असतें. आपल्या स्वतःच्या हुकुमानें मेलेल्यांची मोजणी करण्याचें धैर्य क्वचित् दिसतें. २००६ सालीं आठ माणसांनीं तें दाखविलें, आणि त्यांतील दोघांनीं त्यापायीं घरदार सोडलें. त्यांच्या मताचा अंमल झाला नाहीं हें खरें. परंतु त्यांनीं लिहिलेली १९३ ही संख्या त्यांच्या सरकारलाहि आपल्या कागदांतून काढून टाकतां आली नाहीं.